मुंगीची वाट आणि आकाशातला प्रकाश

अन्नासाठी बाहेर पडणाऱ्या मुंगीला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कधी निघायचे, कोणत्या दिशेने जायचे आणि काही हाती लागल्यावर घरी कसे परतायचे. या तिन्ही गोष्टींत प्रकाशाचा वाटा मोठा आहे. साखरेच्या डब्याकडे लागलेली रांग पाहिली की मुंग्या केवळ वासाच्या मागावर चालतात असे वाटते, आणि रांगेने जाणाऱ्या पुष्कळ जातींच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. पुढे गेलेल्या मुंगीने जमिनीवर सोडलेल्या गंधद्रव्यावरून मागच्या मुंग्या वाट काढतात. मात्र कित्येक जातींच्या मुंग्या एकेकट्याने भटकून अन्न शोधतात. त्यांच्यासाठी कोणी माग सोडलेला नसतो, आणि तापलेल्या वाळूवर गंध टिकतही नाही. अशा मुंग्या आकाशातल्या प्रकाशावरून दिशा ओळखतात. ही गोष्ट माणसाला एकदम उमगली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजवर चाललेल्या प्रयोगांतून ती टप्प्याटप्प्याने उलगडत गेली. या प्रयोगांपैकी जे निर्णायक ठरले त्यांच्यात एक समान धागा आहे. प्रयोगकर्त्यांनी मुंगीला तिच्या वाटेने चालू दिले आणि तिच्यावर पडणारा प्रकाश बदलला.

लबक यांचे दिवे आणि रंगीत काचा

या अभ्यासाची पद्धतशीर सुरुवात इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी केली. लबक पेशाने बँकर होते, पार्लमेंटचे सदस्य होते आणि चार्ल्स डार्विन यांचे केंटमधले शेजारी होते. ब्रिटनमध्ये बँकांना सार्वजनिक सुट्ट्या देणारा १८७१ चा कायदा त्यांच्याच पुढाकाराने झाला. कामकाजातून उरलेला वेळ ते मुंग्यांना देत. काचेच्या दोन तावदानांमध्ये मातीचा पातळ थर ठेवून त्यांनी घरातच मुंग्यांची वारुळे वसवली होती. त्यामुळे एरवी अंधारात चालणारे मुंग्यांचे व्यवहार त्यांना उघड पाहता येत. या निरीक्षणांवरचे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

वारुळावर उजेड पडला की मुंग्या आपले कोष उचलून अंधारात नेतात, या सवयीचा लबक यांनी उपयोग करून घेतला. वारुळाच्या वेगवेगळ्या भागांवर त्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या काचा ठेवल्या. मुंग्यांनी जांभळ्या काचेखालून कोष हलवले, पण तांबड्या काचेखाली त्या निर्धास्त राहिल्या. पुढे त्यांनी लोलकातून पाडलेला सूर्यप्रकाशाचा वर्णपट वारुळावर सोडला. वर्णपटाचे जांभळे टोक जिथे संपते त्याच्या पलीकडे माणसाला काहीच दिसत नाही, पण मुंग्यांनी तेथूनही कोष हलवले. अतिनील किरण शोषून घेणारे कार्बन डायसल्फाइड हे द्रव माणसाच्या डोळ्यांना पाण्यासारखे पारदर्शक दिसते. मुंग्यांच्या लेखी त्याच्याखालची जागा गडद जांभळ्या द्रावणाखालच्या जागेपेक्षा अधिक काळोखी होती. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश मुंग्यांना जाणवतो, हे अशा रीतीने सिद्ध झाले. प्रयोगशाळेतल्या वारुळांवर आजही तांबडी काच किंवा तांबडा कागद लावतात. त्यामागचे कारण हेच आहे: तांबडा प्रकाश मुंग्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्यांना अंधारच वाटतो आणि माणसाला मात्र आतले सगळे दिसते.

अन्नशोधाच्या दृष्टीने लबक यांचा दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा होता. मुंग्या ये-जा करत असलेली फळी त्यांनी फिरती केली आणि बाजूला मेणबत्त्या लावल्या. मेणबत्त्या जागच्या जागी ठेवून फळी फिरवली की मुंग्याही वळून आपली दिशा सावरून घेत. मेणबत्त्यांची जागा बदलली की त्या फसत. मुंगी दिशा ठरवताना प्रकाशाचा आधार घेते, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता. पण लबक यांनी त्यावर मोठा सिद्धान्त उभारला नाही, आणि पुढची कित्येक वर्षे ही नोंद जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ ऑग्यूस्त फोरेल यांनी १८८६ च्या सुमारास अतिनील प्रकाशाचा मुद्दा आणखी पक्का केला. मुंग्यांना हा प्रकाश डोळ्यांनी दिसतो की अंगाला जाणवतो, हा प्रश्न शिल्लक होता. फोरेल यांनी काही मुंग्यांच्या डोळ्यांवर अपारदर्शक रोगण लावले. त्या मुंग्यांनी अतिनील प्रकाश टाळणे बंद केले, म्हणजे काम डोळ्यांचेच होते. याच फोरेल यांचा महाराष्ट्राशीही संबंध आला. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी गोळा केलेल्या मुंग्या त्यांच्याकडे ओळख पटवण्यासाठी जात. पुण्याहून मिळालेल्या एका इवल्या मुंगीला फोरेल यांनी १८९० मध्ये रॉटन यांचेच नाव दिले. हिंदुस्थान आणि श्रीलंकेतल्या मुंग्यांवरची फोरेल यांची लेखमाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ पासून येऊ लागली. त्याच वर्षी रॉटन यांचाही भारतीय मुंग्यांवरचा लेख त्याच नियतकालिकात छापून आला. भारतीय मुंग्यांच्या पद्धतशीर वर्गीकरणाला या कामाने मोठा आधार दिला.

टर्नर यांचा दिवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांचे वर्तन यांत्रिक प्रतिक्रियांनी समजावून सांगण्याकडे कल वाढला होता. जर्मनीच्या आल्ब्रेख्ट बेथे यांनी १८९८ मध्ये मुंग्या आणि मधमाश्या निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियांवर चालतात, असे मत मांडले. त्यांच्या मते वाटेवरचा रासायनिक मागच मुंगीला घराकडे खेचून नेतो, शिकणे किंवा आठवणे असे तिच्या ठायी काही नसते.

या मताची प्रयोगाने परीक्षा करणाऱ्यांत चार्ल्स हेन्री टर्नर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. आफ्रिकी वंशाच्या या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. मुंग्या घरी कशा परततात, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांनी वारुळाजवळ एक लहान व्यासपीठ उभारले, त्याला पुठ्ठ्याचे उतार जोडले आणि वर मुंग्यांचे कोष ठेवले. कोष घेऊन कोणत्या उताराने खाली उतरायचे हे मुंग्या लवकर शिकल्या. मग टर्नर यांनी उतारांची अदलाबदल करून पाहिली. वासाचा माग दुसरीकडे गेला तरी मुंग्या फारशा गडबडल्या नाहीत. दिवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेला, तेव्हा मात्र त्या चुकीच्या बाजूकडे वळल्या. दिव्याबरोबर त्याची उष्णताही सरकते. तिचा परिणाम वेगळा काढण्यासाठी टर्नर यांनी उष्णता अडवणारे गाळणे मध्ये ठेवले, तरीही निष्कर्ष बदलला नाही.

दिव्याखेरीज इतर खुणांचाही मुंगी उपयोग करते आणि अनुभवाने शिकते, असे टर्नर यांनी ठामपणे मांडले. त्यानंतर त्यांनी बरीच वर्षे सेंट लुईस शहरातल्या समनर हायस्कूलमध्ये शिकवले. विद्यापीठाची प्रयोगशाळा हाताशी नसतानाही त्यांनी कीटकांच्या वर्तनावर संशोधन चालू ठेवले. वारुळाच्या जवळ येऊनही दार न सापडलेली मुंगी वळसे घेत शोध घेते. या हालचालीला अल्जीरियात काम करणाऱ्या व्हिक्टर कॉर्नेट्झ यांनी टर्नर यांचेच नाव दिले.

कैरुआनचा डॉक्टर आणि त्याचा आरसा

प्रश्नाला खरे वळण मिळाले ते उत्तर आफ्रिकेत. फेलिक्स सांत्शी (१८७२–१९४०) हे स्विस डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभी ट्युनिशियातल्या कैरुआन या गावी स्थायिक झाले. ते रुग्ण तपासत आणि उरलेल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास करत. त्यांनी मुंग्यांच्या सुमारे २००० जाती, उपजाती आणि प्रकारांचे वर्णन केले. गावात ते ‘मुंग्यांचा हकीम’ म्हणून ओळखले जात.

कैरुआनच्या आसपास दाणे गोळा करणाऱ्या मेसॉर मुंग्या पुष्कळ आहेत. उघड्या माळावरून दाणा घेऊन निघालेली मुंगी सरळ रेषेत घराकडे जाते. सांत्शी यांनी अशा मुंगीवर पडणारे ऊन एका पडद्याने अडवले आणि विरुद्ध बाजूला आरसा धरून सूर्याचे प्रतिबिंब तिच्यावर पाडले. मुंगी मागे वळली आणि तितक्याच आत्मविश्वासाने घरापासून दूर चालू लागली. आरसा काढला की पुन्हा मूळ दिशेला लागली. हा प्रयोग त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केला. सूर्याशी ठरावीक कोन राखून मुंगी चालते, हे या साध्या युक्तीने दिसून आले. सगळ्या जाती आरशाला सारख्याच बळी पडत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आले. गंधमागावर रांगेने चालणाऱ्या मुंग्यांवर आरशाचा प्रभाव कमी पडे.

हा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही. कॉर्नेट्झ यांनी मुंग्यांच्या वाटांचे असंख्य नकाशे काढले होते. मुंगीच्या ठायी दिशेची एक आंतरिक जाणीव असते, तिला बाहेरच्या खुणांची तशी गरज नसते, असे त्यांचे मत होते. या दोघांमधला वाद बराच काळ चालला. त्याचा फायदा असा झाला की सांत्शी यांना आपले प्रयोग अधिकाधिक काटेकोर करावे लागले.

त्यातूनच १९२३ चा प्रयोग आला. कॅटाग्लायफिस या लांब पायांच्या, चपळ वाळवंटी मुंगीभोवती सांत्शी यांनी दोन्ही बाजूंनी उघडे असलेले नळकांडे धरले आणि मुंगी चालेल तसे ते तिच्याबरोबर सरकवत नेले. मुंगीला ना सूर्य दिसत होता, ना आजूबाजूची झाडेझुडपे. तिच्या डोक्यावर फक्त निळ्या आकाशाचा एक गोल तुकडा होता. तरीही ती घराच्या दिशेने चालत राहिली. नळकांड्यावर दुधी काच ठेवताच तिची दिशा हरवली. दुधी काचेतून प्रकाश भरपूर येत होता, म्हणजे निळ्या आकाशात नुसत्या उजेडापलीकडचे असे काही होते जे काचेने पुसून टाकले. ते काय असावे याबद्दल सांत्शी यांनी बरेच तर्क केले. दिवसाही मुंगीला तारे दिसत असतील, ही शक्यताही त्यांनी विचारात घेतली. खरे उत्तर त्यांना मिळाले नाही. ते मिळण्याच्या नऊ वर्षे आधीच त्यांचे निधन झाले.

सरकणारा सूर्य

सूर्यावरून दिशा ठरवण्यात एक अडचण आहे. सूर्य स्थिर नाही. सकाळी सूर्य डावीकडे ठेवून बाहेर पडलेली मुंगी तासाभराने परतताना तोच हिशेब धरून चालली, तर तिची दिशा चुकेल. झ्युरिकच्या रुडॉल्फ ब्रून यांनी १९१४ मध्ये हा मुद्दा तपासला. घरी निघालेल्या काळ्या बागमुंगीवर त्यांनी एक डबा उपडा घातला आणि काही तास तिला अंधारात अडकवून ठेवले. डबा उचलल्यावर मुंगी चालू लागली ती पूर्वीपेक्षा वेगळ्या दिशेने. दिशेतला हा फरक मधल्या वेळात सूर्य जितका सरकला होता साधारण तितकाच होता. मुंगी सूर्याशी असलेला कोन लक्षात ठेवते पण काळाचा हिशेब ठेवत नाही, असा निष्कर्ष ब्रून यांनी काढला.

हा निष्कर्ष चार दशके टिकला. दरम्यान १९५० च्या सुमारास गुस्टाफ क्रामर यांनी पक्ष्यांमध्ये आणि कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांमध्ये असे दाखवले की हे प्राणी सूर्याचे सरकणे हिशेबात धरतात. मग १९५७ मध्ये रुडॉल्फ यांडर यांनी युरोपातल्या तांबड्या वनमुंग्यांवर ब्रून यांचा प्रयोग पुन्हा केला. त्यांना आढळले की वसंताच्या आरंभी, हिवाळ्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुंग्या ब्रून यांच्या मुंग्यांप्रमाणेच चुकतात. उन्हाळ्यात, उन्हाचा पुरेसा अनुभव घेतलेल्या मुंग्या मात्र सूर्याची चाल वजा करून बरोबर दिशा धरतात. ही क्षमता अनुभवाने पक्व होते. पुढे १९८१ मध्ये रुडिगर वेहनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाळवंटी मुंग्यांमध्येही हेच तपासले आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आकाश कसे फिरते याचे ज्ञान त्यांना असते, हे दाखवले.

निळ्या आकाशाचे गुपित

नळकांड्यातल्या मुंगीला काय दिसत होते, याचे उत्तर मधमाश्यांच्या अभ्यासातून आले. मधमाशी आपल्या नृत्यातून अन्नाची दिशा कशी सांगते यावर फॉन फ्रिश काम करत होते. निळ्या आकाशाचा लहानसा तुकडा दिसत असला तरी मधमाशी बरोबर दिशा दाखवते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ध्रुवण-गाळणी वापरून त्यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले की मधमाश्यांना आकाशातला ध्रुवित प्रकाश ओळखता येतो. पुढच्याच वर्षी मुंग्यांमध्येही ही क्षमता असल्याचे प्रयोगांनी दिसून आले. प्राणिवर्तनावरच्या संशोधनासाठी फॉन फ्रिश यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक कॉन्राड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्याबरोबर मिळाले.

सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी सर्व प्रतलांत सारख्याच कंप पावतात. वातावरणातल्या रेणूंवर आदळून प्रकाश विखुरला की त्यातल्या लहरी एका विशिष्ट प्रतलात अधिक कंप पावू लागतात. यालाच ध्रुवण म्हणतात. ध्रुवणाचा हा आकृतिबंध सूर्याभोवती वर्तुळांच्या स्वरूपात साऱ्या आकाशभर पसरलेला असतो आणि सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात तो सर्वांत ठळक असतो. सूर्य ढगाआड किंवा डोंगराआड गेला तरी निरभ्र आकाशाच्या उरलेल्या भागावरून त्याची दिशा काढता येते. सूर्य मावळल्यावर काही काळ हा पट्टा डोक्यावरून जातो. माणसाच्या डोळ्यांना हे सारे एकसारखे निळे दिसते. दुधी काच ध्रुवण नष्ट करते. सांत्शी यांची मुंगी तिच्याखाली भरकटली ती यामुळेच.

महारेसची पाच दशके

झ्युरिक विद्यापीठाचे रुडिगर वेहनर १९६९ मध्ये ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या महारेस या गावी पोहोचले. हे गाव कैरुआनच्या दक्षिणेला, गाबेसच्या आखाताकाठी आहे. तिथल्या कॅटाग्लायफिस मुंग्यांवरचे त्यांचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे काम पाच दशके चालले. सांत्शी यांच्या विस्मरणात गेलेल्या कामाला योग्य स्थान मिळवून देण्याचे श्रेयही वेहनर यांना जाते.

ही मुंगी एकटी निघते, नागमोडी भटकत शंभर मीटरहून दूर जाते आणि उन्हाने मेलेला एखादा कीटक सापडला की तो उचलून थेट सरळ रेषेत घराकडे धावते. तिला उचलून दुसरीकडे ठेवले तर ती मूळ रेषेला समांतर तितकेच अंतर धावते आणि जिथे वारूळ असायला हवे होते तिथे शोध सुरू करते. जाताना प्रत्येक वळणाची दिशा आणि चाललेले अंतर यांची ती सतत बेरीज करत असते. दिशा तिला प्रकाशावरून कळते. अंतर ती पावलांवरून मोजते, हे २००६ मध्ये एका प्रयोगाने दाखवून दिले. त्यात मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले होते आणि काहींचे पाय आखूड केले होते. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून पुढे गेल्या, तर आखूड पायांच्या अलीकडेच थांबल्या. दिशा आणि अंतर या दोन्ही गोष्टींची सांगड कशी घातली जाते, हेही दिसून आले आहे. वाटेचा काही भाग आकाश दिसणार नाही असा झाकला, तर त्या भागात चाललेले अंतर मुंगीच्या बेरजेत धरले जात नाही. प्रकाशाने दिशा दिली नाही तर पावलांचे मोजमापही निरुपयोगी ठरते.

मुंगीच्या डोळ्यात दिशा ओळखण्याचे काम कुठे होते, याचाही शोध महारेसच्या माळावर लागला. कॅटाग्लायफिसचा संयुक्त डोळा सुमारे १००० नेत्रिकांचा बनलेला असतो. डोळ्याच्या वरच्या कडेवरच्या नेत्रिकांमध्ये प्रकाशग्राही पेशींची रचना अशी असते की त्या ध्रुवणाची दिशा ओळखतात, आणि या पेशी अतिनील प्रकाशाला संवेदनशील असतात. पेटर दुएली आणि वेहनर यांनी १९७३ मध्ये चालत्या मुंगीबरोबर ढकलत न्यायची एक चाकांची चौकट वापरली. तिच्यावर निरनिराळी गाळणी बसवून आकाशाच्या प्रकाशातला हवा तो भाग कापता येई. सुमारे ४१० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश अडवला की ध्रुवणावरून दिशा ओळखणे मुंगीला जमेनासे झाले. लबक यांनी जो अदृश्य प्रकाश मुंग्यांना जाणवतो असे दाखवले होते, तो त्यांच्या होकायंत्राचा पाया निघाला.

हे होकायंत्र सर्वस्वी अचूक नाही. आकाशाचा छोटाच भाग दिसत असेल तर मुंगी ठरावीक प्रकारच्या चुका करते. या चुकांवरून वेहनर यांनी असे अनुमान काढले की तिच्या मज्जासंस्थेत आकाशाचा एक साचेबंद, सोपा केलेला नमुना असतो आणि ती प्रत्यक्ष आकाश त्याच्याशी जुळवून पाहते. एकाच फेरीत जाताना आणि येताना आकाशाचा तोच भाग दिसत असेल तर दोन्ही वेळची चूक सारखीच राहते आणि घर सापडते. मुंगीच्या मेंदूच्या आकाराला परवडणारी ही योजना आहे.

ऊन, उष्णता आणि निघण्याची वेळ

प्रकाश दिशा दाखवतो, पण त्याच्याबरोबर येणारी उष्णता जीवही घेऊ शकते. अन्नशोधाची वेळ या दोन्हींच्या ताळमेळाने ठरते. सहारातली चंदेरी मुंगी याचे टोकाचे उदाहरण आहे. तिचा मुख्य शत्रू असलेला सरडा ऊन फार तापले की बिळात जातो. मुंग्या नेमक्या त्याच वेळी बाहेर पडतात. वेहनर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नोंदवले की जमिनीलगतचे तापमान सुमारे ४६.५ अंश सेल्सियसला पोहोचले की त्या निघतात, आणि शरीराचे तापमान ५३.६ अंशांवर गेले तर त्या तग धरू शकत नाहीत. या अरुंद पट्ट्यात काही मिनिटांत अन्न शोधून परतायचे असते. अशा वेळी सरळ रेषेत घर गाठणे हा जगण्याचाच प्रश्न असतो. या मुंगीच्या अंगावरचे चंदेरी केस त्रिकोणी छेदाचे असतात. ते सूर्यप्रकाश परतवून लावतात आणि शरीरातली उष्णता बाहेर टाकायला मदत करतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

झाडांच्या सावलीत

घनदाट अरण्यात आकाश तुकड्यातुकड्यांनीच दिसते. तिथे प्रकाशाचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो. बर्ट हॉल्डोब्लर यांनी १९८० मध्ये आफ्रिकेतल्या एका मोठ्या काळ्या मुंगीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. केनियाच्या जंगलात ही मुंगी एकटी शिकार शोधते. वर पाहिल्यावर फांद्या आणि पानांच्या काळ्या आकृत्या, त्यांच्यामधून झिरपणारे उजळ आकाश, असा जो नकाशा दिसतो तो ती लक्षात ठेवते. प्रयोगशाळेत हॉल्डोब्लर यांनी अरण्याच्या छताचे छायाचित्र मुंगीच्या वर लावले आणि ते फिरवले. त्याबरोबर मुंगीची दिशाही फिरली.

क्षितिजावरची झाडेझुडपे आणि टेकड्याही अशाच खुणा ठरतात. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या वाळवंटी मेलोफोरस मुंग्यांवरच्या २०१६ च्या अभ्यासात असे दिसले की आजूबाजूच्या दृश्यावरून दिशा ओळखतानाही अतिनील प्रकाश निर्णायक असतो. आकाश अतिनील किरणांत उजळ दिसते तर जमीन आणि झाडे गडद दिसतात. या फरकामुळे क्षितिजरेषा स्पष्ट उमटते. गाळणीने अतिनील भाग काढून टाकला की मुंग्यांची दिशा बिघडते.

संधिप्रकाश आणि चांदणे

प्रकाशाचा विचार केवळ दिवसा हिंडणाऱ्या मुंग्यांपुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियातल्या बुलडॉग मुंग्यांच्या मिर्मेशिया या प्रजातीत काही जाती दिवसा तर काही रात्री बाहेर पडतात. रात्री फिरणाऱ्या जातींच्या डोळ्यांतल्या नेत्रिका मोठ्या असतात, त्यामुळे अधिक प्रकाश आत येतो. भारतीय वंशाचे संशोधक अजय नरेंद्र यांनी कॅनबेरात सहकाऱ्यांसह यातल्या एका निशाचर जातीचा अभ्यास केला. नरेंद्र यांनी याआधी भारतीय द्वीपकल्पातल्या मुंग्यांवर सुनील कुमार यांच्याबरोबर २००६ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते. कॅनबेरातल्या मुंग्या संध्याकाळच्या संधिप्रकाशात बाहेर पडतात आणि त्यांची निघण्याची वेळ वर्षभर सूर्यास्ताच्या मागोमाग सरकते. त्यांना बाहेर पडण्याचा इशारा प्रकाशाच्या तीव्रतेकडून मिळतो, असे २०१० च्या त्यांच्या शोधनिबंधात मांडले आहे. अंधार वाढला की याच मुंग्या सावकाश चालतात, अधिक वेळा थांबतात आणि त्यांची वाट कमी सरळ होते. म्हणून संधिप्रकाशाचा थोडा वेळ त्यांच्यासाठी मोलाचा असतो.

रात्री चंद्रप्रकाशही वातावरणात विखुरतो आणि त्याचे ध्रुवण होते, पण तो सूर्यप्रकाशापेक्षा लाखो पटींनी मंद असतो. इतक्या मंद ध्रुवित प्रकाशावरूनही बुलडॉग मुंग्या घरची दिशा ओळखतात, हे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. चालत्या मुंगीच्या वर धरलेले ध्रुवण-गाळणे फिरवताच तिची वाट त्या बाजूला वळली. चंद्रकोर असतानाही हा परिणाम दिसला.

अंधारातून उजेडाकडे

वारुळात जन्मलेली कामकरी मुंगी पहिले काही आठवडे अंधारातच घालवते. कॅटाग्लायफिसमध्ये हा काळ सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यानंतर तिच्याकडे अन्न शोधण्याचे काम येते, आणि या धोक्याच्या कामाला लागल्यावर तिचे आयुष्य सरासरी सहाएक दिवसच उरते. कामाला लागण्याआधी ती दोनतीन दिवस वारुळाच्या आसपास छोट्या फेऱ्या मारते, मधेच थांबते, वळते आणि दाराकडे पाहते. या फेऱ्यांत ती परिसर आणि आकाश दोन्ही शिकून घेते. ग्रीसमधल्या मुंग्यांवर २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगांत असे आढळले की या पहिल्या फेऱ्यांत दाराची दिशा धरण्यासाठी मुंगी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेते. आकाशाचे होकायंत्र अजून तिच्या हाती आलेले नसते.

उजेडात येण्याने तिच्या मेंदूची रचनाही बदलते. दृश्य माहिती जिथे साठवली जाते त्या भागातल्या चेतापेशींची जोडणी प्रकाश मिळाल्यावर नव्याने मांडली जाते, हे २०१० मध्ये दाखवण्यात आले. अंधारात वाढलेल्या मुंगीला उजेडात आणले तरी हा बदल होतो, म्हणजे वयापेक्षा प्रकाशाचा अनुभव येथे कारणीभूत आहे. यांडर यांच्या वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या वनमुंग्यांमध्ये जो फरक दिसला होता, तो अनुभवाचे हेच महत्त्व सांगतो.

यंत्रांपर्यंत पोहोचलेले ज्ञान

मुंगीच्या या पद्धतीचा उपयोग यंत्रांसाठी करण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात झ्युरिकमध्ये सुरू झाले. सहाबॉट नावाचा चाकांचा यंत्रमानव ध्रुवित प्रकाशावरून दिशा ठरवत ट्युनिशियाच्या वाळवंटात फिरला. फ्रान्समधल्या मार्सेय येथील संशोधकांनी २०१९ मध्ये सहा पायांचा अँटबॉट बनवला. तो आकाशातल्या अतिनील प्रकाशाच्या ध्रुवणावरून दिशा आणि पावलांवरून अंतर मोजतो, आणि जीपीएसच्या मदतीशिवाय सुरुवातीच्या जागी परततो. उपग्रहांचे संदेश जिथे पोहोचत नाहीत तिथे अशी साधने उपयोगी पडू शकतात.

आजच्या समजुतीप्रमाणे मुंगी एकट्या प्रकाशावर विसंबत नाही. सूर्य, ध्रुवित आकाश, क्षितिजावरच्या आकृत्या, डोक्यावरचे पानांचे छत, पावलांची मोजणी, वास आणि वारा यांपैकी जे ज्या वेळी भरवशाचे असेल त्याला ती अधिक वजन देते. आकाश आणि जमीन परस्परविरोधी दिशा दाखवू लागले तर ती पुष्कळदा दोहोंच्या मधली वाट धरते. प्रकाश मात्र या जुळणीच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हजर असतो. तो कुठे निघण्याची वेळ ठरवतो, कुठे दिशा देतो, तर कुठे मेंदूला कामासाठी तयार करतो. काचेची तावदाने, पुठ्ठ्याचा उतार, आरसा, नळकांडे आणि उपडा डबा अशा घरगुती साधनांनी सुरू झालेल्या प्रयोगांनी हे ज्ञान मिळवून दिले. त्यातले बरेचसे काम बँकर, शाळाशिक्षक आणि गावच्या डॉक्टरांनी आपापला व्यवसाय सांभाळून केले.